फायनलला पोचून हरणं एवढं वाईट? जॉर्डन, लेब्रॉन आणि प्लेऑफचा हिशोब

पहाटेचा प्रेक्षक

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये मायकल जॉर्डन मोठा की लेब्रॉन जेम्स, हा विषय निघाला की कोणीतरी "६-०" म्हणतं आणि पुढे कोणी बोलत नाही. जॉर्डन सहा फायनल खेळला, सहाही जिंकला, सहाही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लेब्रॉन दहा खेळला, चार जिंकला. मला या हिशोबाचा मनापासून राग येतो.

१९८५, ८६ आणि ८७ ला जॉर्डनचा संघ शिकागो बुल्स प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत बाद झाला. पुढची तीन वर्षं त्याला डेट्रॉइटनं अडवलं, १९९५ ला ऑरलँडोनं. हे सात पराभव कुठेच मांडले जात नाहीत. लेब्रॉन मात्र आणखी वर चढून हरला, म्हणून त्याच्या नावापुढे सहा काळे ठिपके!

२०१५ ची फायनल आठवा. लेब्रॉनच्या क्लीव्हलँड संघातला केव्हिन लव्ह आधीच जायबंदी, कायरी अर्व्हिंगचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. उरलेल्या क्लीव्हलँडला घेऊन लेब्रॉननं सामन्यामागे ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेला चेंडू) आणि ८.८ असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास) काढले. सात सामन्यांपैकी चार जिंकायच्या मालिकेत संघ ४-२ नं हरला. मी आजवर पाहिलेल्या सर्वोत्तम फायनलपैकी ही एक, आणि हिशोबात ती वजा बाजूला पडते.

तेवीस नंबर

असहमत. हरण्याला कोणी नावं ठेवत नाही, कसा हरला ते बघतात. २०११ च्या फायनलमध्ये डॅलसविरुद्ध लेब्रॉनची गुणांची सरासरी १७.८ होती, चौथ्या सामन्यात अवघे ८ गुण. संघात सोबतीला ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश हे दोघेही होते. जॉर्डनची गुणांच्या दृष्टीनं सगळ्यात फिकी फायनल कोणती? १९९६ ची, आणि त्यातही सरासरी २७.३. सगळ्यात तेजस्वी १९९३ ची, फिनिक्सविरुद्ध सरासरी ४१! प्लेऑफमधली त्याची एकूण सरासरी ३३ च्या वर आहे आणि त्याच्या पुढे आजही कोणी नाही.

सुरुवातीच्या पराभवांचं म्हणाल, तर १९८६ बघाच. पाय मोडल्यामुळे जॉर्डन त्या मोसमात फक्त १८ सामने खेळला होता. बुल्सनी ८२ पैकी ३० जिंकलेले. समोर लॅरी बर्डचा बॉस्टन संघ, जो त्या वर्षी घरच्या मैदानावर साखळीत एकदाच हरला. तिथे जाऊन जॉर्डननं ६३ गुण केले. दोन जादा डावांनंतर बुल्स १३५-१३१ नं हरले. असा पराभव मी अभिमानानं सांगेन.

पहाटेचा प्रेक्षक

२०११ चं पूर्ण मान्य. त्या मालिकेत लेब्रॉन कमी पडला, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण दादा, तुम्ही आत्ता माझंच म्हणणं मांडलंत. हरलेल्या सामन्यातले ६३ जर मोठेपणाचा पुरावा असतील, तर २०१८ च्या फायनलच्या पहिल्या सामन्यातल्या लेब्रॉनच्या ५१ चं काय? वॉरियर्सच्या घरी १०७-१०७ अशी बरोबरी, काही सेकंद शिल्लक, लेब्रॉनच्याच संघातल्या जे. आर. स्मिथच्या हातात रिबाउंड आला आणि तो बास्केटकडे न जाता चेंडू घेऊन बाहेर निघाला. जादा डावात सामना गेला. मग "६-०" हे मोजमाप तुम्हीच सोडून देताय.

जुना सेंटर

दोघांनाही एक आठवण करून देतो. बॉस्टनचा बिल रसेल: १३ मोसमांत ११ अजिंक्यपदं. सातव्या, निर्णायक सामन्यांत दहापैकी दहा विजय. १९६२ च्या फायनलच्या सातव्या सामन्यात ३० गुण आणि ४० रिबाउंड. त्याच्या काळात ब्लॉक, म्हणजे समोरच्याची फेक हवेत अडवणं, मोजतच नसत, म्हणून त्याचा अर्धा खेळ आकड्यांत दिसत नाही.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर १९६९ लाच मिळालंय. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्या वर्षी सुरू झाला. जिंकला रसेलचा बॉस्टन, किताब मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. आज त्या किताबाला नाव मात्र रसेलचं आहे.

तेवीस नंबर

काका, रसेलबद्दल आदर आहेच. पण त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत लीगमध्ये आठच संघ होते, दोन मालिका जिंकल्या की अजिंक्यपद. आता चार जिंकाव्या लागतात.

जुना सेंटर

आठ संघ म्हणजे उत्तम खेळाडू आठच संघांत वाटलेले. विल्ट चेंबरलेनसारख्या दिग्गजाशी गाठ सारखीच पडायची. ते सोपं कसं?

डेन्व्हरवाली

आजच्यांकडे कोणी बघणार आहे का? २०२३ च्या संपूर्ण प्लेऑफमध्ये एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट, तिन्हींत पहिला डेन्व्हरचा निकोला योकिच. असं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं, जॉर्डन-लेब्रॉनलाही नाही. उडी फारशी नाही, वेग नाही. पण तो पास देतो तेव्हा घेणाऱ्यालाही आधी कळलेलं नसतं. सामने मोजायचे तर त्या दोघांच्या पंक्तीत बसायला त्याला अजून वेळ आहे, पण एका उन्हाळ्यापुरतं बघाल तर मी त्यालाच वर ठेवते.

पहाटेचा प्रेक्षक

एका उन्हाळ्याचंच बोलायचं तर माझं मत २०१६ ला. ७३ सामने जिंकून आलेले वॉरियर्स ३-१ नं पुढे, आणि फायनलमध्ये तिथून कोणी कधी परतलेलं नव्हतं. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक, पाचही बाबतींत दोन्ही संघांत मिळून लेब्रॉन पहिला. सातवा सामना आपल्याकडे २० जूनच्या सकाळी होता. ८९-८९ असताना तो मागून धावत आला आणि वॉरियर्सच्या इग्वोडालाचा चेंडू बोर्डावर दाबला, तेव्हा घरात सगळे झोपलेले असूनही मी ओरडलो होतो.

तेवीस नंबर

तो ब्लॉक मलाही विसरता येत नाही. तरीही एक सांगतो. जॉर्डननं फायनल कधी सातव्या सामन्यापर्यंत जाऊच दिली नाही. १९९८, सहावा सामना, युटाचं घर. जॉर्डनचा साथीदार पिपेन पाठदुखीनं जेमतेम उभा. शेवटच्या मिनिटात बुल्स तीन गुणांनी मागे. जॉर्डननं आधी दोन गुण केले, मग युटाच्या मलोनच्या हातातून चेंडू काढला, मग पाच सेकंद उरले असताना शेवटची फेक. ८७-८६. त्याचे स्वतःचे ४५.