मदत हवी आहे: नेदरलँड्समध्ये नदीकाठी, कालव्याकाठी चालण्याजोग्या खरोखर सोप्या वाटा कोणत्या?

नमस्कार.

येत्या मे महिन्यात माझे आईवडील सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्सला येत आहेत. आईचे वय ६८ असून जिना उतरताना तिचा उजवा गुडघा दुखतो. सपाट रस्त्यावर मात्र मधूनमधून बसायला मिळाले तर ती चार-पाच किलोमीटर सहज चालते. वडील ७३ वर्षांचे आहेत आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. चालण्याच्या बाबतीत त्यांची अडचण वेगळीच आहे: जिथे पाण्याला दार बसवलेले दिसेल तिथे ते थांबतात आणि अर्धा तास हलत नाहीत. सोबत आमची सहा वर्षांची मुलगी असेल आणि तिला फक्त प्राणी पाहायचे असतील.

हा देश सपाट आहे, तेव्हा इथली कोणतीही पायवाट सोपीच असणार, असा माझा समज होता. तो त्यांच्या मागच्या भेटीत, ऑक्टोबरच्या अखेरीस, पार निकालात निघाला. मी एक क्लोम्पेनपाड निवडला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, की क्लोम्पेन म्हणजे लाकडी बूट, आणि पूर्वी शेतकरी ज्या वाटांनी ये-जा करत त्या धर्तीवर शेतांमधून आखलेल्या या वाटा प्रामुख्याने उत्रेख्त आणि गेल्डरलँड या प्रांतांत आहेत. वाट नऊ किलोमीटरची होती आणि नकाशावर तिला एकही चढ नव्हता. प्रत्यक्षात पहिल्या दोन किलोमीटरमध्येच कुंपण ओलांडण्यासाठी ठोकलेल्या लाकडी पायऱ्या पाच ठिकाणी आल्या. आईने डावा पाय फळीवर ठेवायचा, मी मागून तिचे कोपर धरायचे, वडिलांनी पलीकडून हात द्यायचा आणि शेतातल्या गाईंनी ओळीने उभे राहून हे सगळे पाहायचे, असा प्रकार पाच वेळा झाला. आदल्या रात्री पाऊस झालेला असल्यामुळे नदीच्या गाळाची चिकणमाती बुटांना थरावर थर चिकटत होती, आणि दर शंभर पावलांनी थांबून ती काडीने खरवडावी लागत होती.

एवढे करून आम्ही नदीवर पोहोचलो, तर फेरीबोटीच्या धक्क्याला साखळी लावलेली होती आणि हंगाम संपल्याची पाटी तिच्यावर लटकत होती. पलीकडच्या काठावरचा बसथांबा आम्हाला स्पष्ट दिसत होता. शेवटी बांधावरच्या डांबरी रस्त्याने, समोरून येणारा वारा अंगावर घेत, उलट दिशेच्या गावापर्यंत चालत जावे लागले. त्या रस्त्यावर बसायला एक बाकही नव्हते, आणि आडोसा म्हणाल तर शेवटी लागलेल्या एका चर्चच्या भिंतीचाच काय तो मिळाला. आई काही बोलली नाही, पण त्यानंतर उरलेल्या मुक्कामात तिने फिरायला जाण्याचा विषय काढला नाही.

म्हणून या वेळी मला चढउतारांपेक्षा इतर गोष्टींची माहिती हवी आहे. वाटेचा पृष्ठभाग कसा आहे, कुंपणावरून चढून जावे लागते की फाटक आहे, आणि मुख्य म्हणजे दोन किलोमीटरनंतर आई थकली तर तिथून बाहेर पडता येते का? बांधावरची वाट दिसायला सुंदर असते, पण एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेला चर असला, की पुढे जाणे किंवा मागे फिरणे एवढे दोनच पर्याय उरतात. आमच्याकडे गाडी नसल्यामुळे सुरुवात आणि शेवट रेल्वे स्थानकाजवळ किंवा बसथांब्याजवळ असावा. शिवाय मे महिना पक्ष्यांच्या विणीचा असल्यामुळे कोणत्या वाटा बंद असतात, हेही कोणी सांगू शकले तर उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, आपण घेतलेला अनुभव इथे नव्याने आलेल्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. मी गेली अकरा वर्षे याच भागात चालतो आहे, त्यामुळे आपल्या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

विणीचा हंगाम साधारणपणे १५ मार्च ते १५ जुलै असा धरला जातो. या काळात कुरणांमधून जाणाऱ्या काही वाटा बंद ठेवतात आणि जिथे वाट चालू असते तिथेही ती सोडून गवतात उतरण्यास मनाई असते. याचे कारण काठावर दोन मिनिटे उभे राहिले तरी कळते: ग्रुटो हा लांब चोचीचा पक्षी, आणि आपल्या टिटवीची इथली तुरेवाली चुलत बहीण, हे दोघेही घरटे थेट जमिनीवर गवतात करतात. कुरणातल्या वाटा टाळल्या तर आपली कुंपणाच्या पायऱ्यांची अडचणही आपोआप बरीच कमी होईल.

आपल्या आईंसाठी मी क्रोमे राइन नदीची वाट निवडेन. ही ऱ्हाइनची जुनी शाखा आहे. ११२२ मध्ये वाइक बाय ड्यूरस्टेडे इथे तिच्या तोंडाशी बांध घातला गेला आणि तेव्हापासून ती एक शांत, वळणावळणाची छोटी नदी होऊन राहिली आहे. होड्या दोरखंडाने ओढून नेण्यासाठी काठाने केलेली जुनी वाट आजही उत्रेख्तपासून बुनिकपर्यंत चालता येते. संपूर्ण अंतर सात-आठ किलोमीटर भरते, पण आपण ते सगळे चालूच नये. बुनिकला रेल्वे स्थानक आहे. तिथून राइनाउवेनच्या चहाघरापर्यंत सावकाश जावे, तिथे तासभर बसावे आणि आल्या वाटेने परतावे. वाटेचा काही भाग मातीचा आहे, म्हणून सलग दोन दिवस पाऊस झालेला असेल तर बेत पुढे ढकललेला बरा. आईंना हुरूप असेल तर चहाघरापासून पुढे आमेलिसवेर्डची जुनी झाडी लागते.

वडिलांसाठी किंडरडाइक टाळू नका. पर्यटकांची गर्दी असते म्हणून आपल्यातील बरेच चोखंदळ लोक नाक मुरडतात, परंतु पाणी खोल जमिनीवरून वर कसे चढवतात, हे इतके उघड्यावर क्वचितच पाहायला मिळते. तिथल्या १९ पवनचक्क्यांपैकी बहुतेक १७४० च्या सुमाराच्या आहेत, आणि त्यांच्याजवळच आजचे मोठे स्क्रू पंप काम करताना दिसतात. ज्यांनी आयुष्यभर कालव्याने पाणी शेताकडे नेले, त्यांना इथे शेतातले पाणी कालव्यात चढवलेले पाहून गंमत वाटेल. पवनचक्क्यांच्या दोन रांगांमधून जाणारा रस्ता पक्का आणि सपाट आहे, त्यामुळे जिथे कंटाळा येईल तिथून परत फिरावे.

नात घोडे पाहण्याचा हट्ट करील. नायमेखनच्या पूर्वेकडील मिलिंगरवार्डमध्ये कोनिक जातीचे घोडे आणि गॅलोवे गाई नदीकाठी मोकळ्या चरतात. त्यांच्यापासून किमान २५ मीटर दूर राहावे, हा नियम मुलीला आधीच पाठ करून ठेवा. जनावरे वाटेवरच उभी असतील तर मोठा वळसा घालावा, आणि शिंगरू व त्याची आई यांच्या मधून तर कधीही जाऊ नये. मात्र तिथली वाट ओबडधोबड आहे. आईंना घरी विश्रांती असेल त्या दिवशी हा बेत करावा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. थोडी भर घालतो.

ताई, निघण्यापूर्वी क्रमांकांच्या खांबांची पद्धत समजून घ्या, कारण आपल्या ‘बाहेर कसे पडावे’ या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. बऱ्याच भागांत वाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी खांबावर एक क्रमांक असतो आणि पुढच्या क्रमांकांकडे जाणारे बाण असतात. हे क्रमांक कागदावर क्रमाने लिहून घेतले की झाले. जिथे खांब दाट आहेत तिथे वाट मधूनच तोडता येते. जिथे दोन क्रमांकांमध्ये नुसती लांबच लांब रेघ दिसते ती बांधाची वाट असण्याचा संभव मोठा, आणि आपण तिच्या वाटेला जाऊ नये. पांढऱ्या-लाल पट्ट्या लांब पल्ल्याच्या वाटांच्या असतात, त्यांच्या मागे लागून परतीचे स्थानक सापडेलच असे नाही.

नदीलगतच्या बुटक्या उन्हाळी बांधाच्या आणि मागच्या उंच हिवाळी बांधाच्या मधली जमीन पूर आला की नदीचीच असते. मे महिन्यात ती बहुधा कोरडी मिळते, तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी पाण्याची पातळी आणि फेरीबोटीचे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. गवतातून चालून आल्यावर मुलीच्या गुडघ्यांच्या मागे आणि काखेत गोचीड तपासण्यास विसरू नये, कारण इथे तिच्यामुळे लाइम रोग होतो.

वडिलांसाठी आणखी एक जागा सुचवतो. १९९५ च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली, आणि त्यानंतर बांध उंच करत राहण्याऐवजी नदीला जागा देण्याचे धोरण आले. नायमेखनसमोर लेंट इथे बांध ३५० मीटर मागे नेऊन वाल नदीसाठी स्पीगलवाल नावाचे दुसरे पात्र खोदले आहे. पूर चढला की वरच्या अंगाच्या उंबऱ्यावरून नदीचे पाणी त्यात उतरते. नायमेखन लेंट स्थानकावरून तिथे चालत जाता येते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पहिला दिवस बुनिक ते चहाघर असा ठरवला आहे, आणि ‘वाटेत एकही कुंपण चढायचे नाही’ असे आईला फोनवर सांगितल्यावर तिने बूट कोणते आणू, एवढे तरी विचारले. कुंपणाबाबत मी हे वचन घाईने दिले आहे. त्या पट्ट्यात एखादी पायरी असेल तर कृपया आत्ताच सांगावे.

स्पीगलवालचा नकाशा वडिलांना काल पाठवला. आज सकाळी त्यांचा उलट प्रश्न आला, की त्या उंबऱ्याची उंची किती आहे आणि नदी कोणत्या पातळीला गेल्यावर पाणी आत येऊ लागते. कोणास ठाऊक असल्यास कळवावे, कारण ते उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही वाटेविषयी ते बोलणार नाहीत.