भागीदार, भागधारक की नुसतं हातउसनं?

प्रश्न : भाच्याने पवईत दोन मित्रांबरोबर सॉफ्टवेअरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आहे. मी पाच लाख दिले. घरात सगळे म्हणतात, 'मामा पार्टनर झाला.' करारात मात्र मला 'भागधारक' म्हटलंय. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना?

उत्तर : नाही, आणि हा घोळ महागात पडू शकतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भागीदार असतो तो भागीदारी पेढीचा. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीचं देणं प्रत्येक भागीदाराच्या अंगावर येतं, वेळ पडली तर त्याच्या राहत्या घरापर्यंत पोचतं. लालबागला दोन भाऊ मिळून मसाल्याचं दुकान चालवतात, ते या अर्थाने भागीदार. भागधारक असतो कंपनीचा. शेअरचे ठरलेले पैसे भरले की त्याची जबाबदारी तिथेच संपते. कंपनी कर्जात बुडाली तरी, तो स्वतः जामीन राहिला नसेल, तर बँक त्याच्या दारात येत नाही. मात्र रोजचा कारभार संचालकांचा. 'मी पार्टनर आहे, मला विचारून माणसं घ्या' हे भागधारकाला म्हणता येत नाही. घरातल्यांना हा फरक आत्ताच सांगा. कंपनी जरा वर आली की मनं दुखावतात ती इथेच.

आपण बोलताना क्रियापदं फार नेमकी वापरतो. उसने दिलेले पैसे 'थकतात', धंद्यात घातलेले 'बुडतात'. थकलेल्या पैशांसाठी तगादा लावता येतो, बुडालेल्यांसाठी नाही. तुमचे पाच लाख दुसऱ्या जातीचे आहेत. भाच्याकडे ते परत मागायचा हक्क तुम्हाला नाही, हे मान्य असेल तरच भागधारक व्हा.

दुसरा प्रतिसाद : मग मामांनी सरळ कर्जच द्यावं की कंपनीला. नात्यातलाच माणूस आहे.

उत्तर : इथे 'नातेवाईक' हा शब्दच आडवा येतो! 2013 च्या कंपनी कायद्यात नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. आपल्याकडे लग्नात ज्याच्यावाचून पान हलत नाही तो मामा त्या यादीत नाही. संचालकाच्या नातेवाइकाने स्वतःच्या पैशातून खाजगी कंपनीला कर्ज दिलं तर चालतं. मामाने दिलं तर ते कायद्याच्या भाषेत 'ठेव' ठरू शकतं, आणि ठेवी घेण्याचे नियम कडक आहेत. भाच्याला व्यक्तिशः हातउसने देणं ही वेगळी गोष्ट. मग ते पैसे कंपनीत घालणारा तो, तुम्ही नाही.

प्रश्नकर्ता : कळलं. मला 5 टक्के हिस्सा मिळणार आहे. पण भाचा म्हणतो, पुढचा गुंतवणूकदार आला की माझा हिस्सा 'डायल्यूट' होईल. म्हणजे कमी करणार?

उत्तर : मराठीत 'हिस्सा कमी केला' म्हटलं की वडिलोपार्जित जमिनीची वाटणीच डोळ्यांपुढे येते, आणि अन्याय झाल्यासारखं वाटतं. म्हणून मी 'टक्का उतरला' म्हणते. हिशेब बघा. आज कंपनीची किंमत तुमचे पैसे धरून 1 कोटी, तुमचे 5 टक्के म्हणजे 5 लाख. उद्या कुणी कंपनीची किंमत 4 कोटी मानून वर 1 कोटी घातला. आता ती 5 कोटींची झाली, नव्या माणसाचे 20 टक्के. तुमचा टक्का 5 वरून 4 वर उतरला, पण त्या चाराची किंमत कागदावर 20 लाख. तुमचा एकही शेअर कुणी काढून घेतलेला नाही. एकूण शेअर वाढलेत. फक्त '4 कोटी' ही किंमत नवे पैसे येण्याआधीची की नंतरची, ते विचाराच. नंतरची असेल तर त्याच 1 कोटीला 25 टक्के जातात.

तिसरा प्रतिसाद : मामांना 'एंजल इन्व्हेस्टर', म्हणजे नव्या कंपनीत सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालणारा, म्हणायचं का? आणि एंजल टॅक्स लागतो का?

उत्तर : बोलताना म्हणा. 'देवदूत गुंतवणूकदार' हे रूप मला ओढूनताणून आणलेलं वाटतं. एंजल टॅक्स हे नाव तर दिशाभूल करणारं होतं. 2012 मध्ये आलेला तो कर पैसे घालणाऱ्यावर नव्हता, वाजवी किमतीपेक्षा जास्त भावाने शेअर देणाऱ्या कंपनीवर होता. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.

मामा, तुमच्यासाठी आणखी एक शब्द : 'वाटप'. वाटणी नव्हे. कंपनीने शेअरचं वाटप करेपर्यंत, म्हणजे शेअर तुमच्या नावावर देईपर्यंत, तुमचे पैसे हे नुसते अर्जाचे पैसे असतात आणि तुम्ही भागधारक नसता, करारात काहीही लिहिलेलं असो. पैसे मिळाल्यापासून 60 दिवसांत वाटप व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या 15 दिवसांत पैसे परत करावे लागतात. तेही चुकलं तर 12 टक्के व्याज लागतं. पैसे रोख दिले नाहीत ना? बँकेतूनच गेले पाहिजेत.

प्रश्नकर्ता : चेकने दिलेत, गेल्या महिन्यात. वाटपाची तारीख आजच विचारतो.