शेततळ्यावर रात्रभर दिवा: पिल्लं वाढतात की दमतात?

गोदाकाठचा (माजलगाव)
शेजाऱ्यानं तळ्यावर सोलर दिवा टांगलाय. किडे पडतात, बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) फुकट खाते म्हणतो. वर रात्री नऊला पेंड-कोंड्याचा आणखी एक हात. माझ्या मते यात फुकट काही नाही. मासा जागा राहिला की प्राणवायू जास्त ओढतो, पोटातलं पचवायलाही कित्येक तास जास्तच लागतो. अन् अंधारात शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट घेतं. परवा पहाटे साडेपाचला त्याच्या तळ्यात रोहूची पिल्लं काठाला तोंडं वर काढून गपागप करत होती. माझ्याकडं पाणी गपगार. सांगा, चुकतंय कोण?

ढेपवाला
तुम्हीच! नॉर्वेत सामन (सॅल्मन) माशाच्या पिल्लांना चोवीस तास उजेड देतात, तिथले लोक खुळे आहेत का? आपल्या तळ्यात प्लास्टिकचा कागद. गाळ नाही, म्हणून नैसर्गिक खाद्यही कमी. दिव्याखाली पाण्यातले बारीक जीव जमतात, कटल्याची पिल्लं तुटून पडतात. मी डोळ्यानं बघतो रोज.

बोटुकली_परभणी
सामनची गोष्ट इथं कशाला? उजेडावरून त्याचं अंग समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी तयार होतं, म्हणून तो खटाटोप. शिवाय पाणी गार, टाकीत प्राणवायू सोडलेला. आपल्या रोहू-कटल्याला तर जठरच नसतं राव! खाल्लेलं साठवायला जागा नाही, म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीनचारदा द्यायचं. रात्रीचा घमेलंभर कोंडा कागदावर बसून सडतो अन् उरलासुरला प्राणवायू तोच खातो.

ढेपवाला
बरं, कोंडा बंद. पण दिवा का बंद?

कोरडवाहू
दोघंही खायला घालायच्याच मागं. आंध्रात पिल्लं दाटीत, कमी खाद्यावर वर्षभर खुरटी ठेवतात. मोकळ्या तळ्यात सोडली की झपाट्यानं भरतात. पोट मारलेला मासा मिळेल ते अंगी लावतो.

बोटुकली_परभणी
खरंय. पण वर्षभर ठेवायला पाणी कुठलं? आमचं तळं एप्रिलात तळ दाखवतं. खुरटी पिल्लं विकतच आणावी लागतील.

गोदाकाठचा
शेजाऱ्याशी बोललो. दिवा नऊला बंद करतो म्हणाला, रात्रीचा कोंडाही बंद. पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून पहाटे पंप लावून पाणी उडवायचं ठरलं. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे, म्हणून जमतंय. पुढच्या आठवड्यात दिवसपाळी आली की पहाटे चारला घमेल्यानं पाणी उडवत बसायचं, तो अन् मी.