मदत हवी आहे: गावातल्या बंद घरांचे आतून फोटो काढायचे आहेत, परवानगी नक्की कोणाची घ्यायची?

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. माझ्या लहानपणी वाडीत २७ घरांत चूल पेटायची, आता ९ घरांत पेटते. बाकीच्या दारांना कुलपं आहेत. काही घरं गणपतीत उघडतात, काही तेव्हाही नाही. चिऱ्याच्या भिंती आणि खळ्यातली तुळस अजून उभी दिसते, पण आत वाशांना वाळवी लागली आहे. गेल्या पावसात दोन घरांची मागची पडवी बसली. ही घरं पडायच्या आधी त्यांची नीट नोंद व्हावी म्हणून दोन वर्षं फोटो काढते आहे. दारांच्या चौकटी, चुलीची जागा, भिंतीतले कोनाडे, सगळंच. बाहेरून ११ घरं झाली. आतून दोनच, आणि त्यातल्या एका घरामुळे हा धागा काढते आहे.

त्या घराची किल्ली शेजारच्या काकींकडे असते. पावसाआधी कौलं शाकारायला माणूस आला की त्याच दार उघडतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी विश्वासाने मला किल्ली दिली. माझा मामेभाऊ वरच्या माळ्यावर चढला आणि फळी मोडून त्याचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. सहा टाके पडले. त्याच संध्याकाळी मी चार फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात मुंबईहून एका हिस्सेदारांचा फोन आला. त्या घराच्या वाटणीचा दावा चालू आहे, हे मला माहीतच नव्हतं. आत काय काय आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना दिसलं, म्हणून ते चिडले होते. त्यांचं चिडणं मला पटलं. पण माझ्यामुळे काकींना बोलणी खावी लागली, ते अजून मनाला लागून राहिलं आहे. मामी तेव्हा एवढंच म्हणाली, "घर बंद आसा, मालक मेलो नाय."

तर मला मदत हवी आहे. घर बंद असेल आणि हिस्सेदार दहा ठिकाणी विखुरलेले असतील, तर मालक शोधायचा कसा? एकाने हो म्हटलं तर पुरतं का, की सगळ्यांचं हो हवं? परवानगी मिळाल्यावरही कोणत्या घरात पाऊल टाकायचं नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं? चोरून आत जायचं नाही हे पक्कं आहे, त्यामुळे "कोण बघतंय, जा बिनधास्त" असा सल्ला कृपया नको.

सातबारा:
ताई, आधी घर कशावर उभं आहे ते बघा. कोकणातल्या वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे पुष्कळ घरं गावठाणाबाहेर बागायतीतच असतात. अशा जागेचा सातबारा ऑनलाइन बघता येतो. त्यात नुसती भोगवटादारांची नावं वाचून थांबू नका, इतर हक्काचा रकानाही वाचा. कुळाचं नाव तिथे सापडतं. कित्येकदा घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची असते. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, म्हणजे घरपट्टी कोणाच्या नावावर येते ते ग्रामसेवकांकडे कळेल. गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका बघा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून अशा पत्रिका देताहेत.

कागदावर आजोबा-पणजोबांचं नाव दिसलं तर दचकू नका, वारसनोंदी वर्षानुवर्षं राहून जातात. आणि घरपट्टीला नाव आहे म्हणजे तोच मालक, असंही समजू नका. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही. कागदावरून कोणाला फोन करायचा एवढं कळलं की झालं.

चिरेबंदी:
मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. परवानगीचं इतर लोक सांगतील, मी पडझडीचं सांगतो. तुमच्या भावाचा पाय खाली गेला तिथे माणूसही खाली गेला असता.

आत जाण्याआधी घराभोवती एक पूर्ण फेरी मारा, घाई न करता. आढं सरळ आहे का बघा. मध्ये झोळ आला असेल तर छप्पर आपलं वजन कसंबसं पेलतंय असं समजा. मग भिंती. चिरा मजबूत असतो, पण जुन्या घरांत तो बहुधा मातीत बसवलेला असतो. कौल सरकलं की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत शिरतं, माती धुपत जाते आणि भिंतीला पोट येतं. पोट आलेल्या भिंतीच्या बाजूने आत जाऊ नका आणि तिच्याजवळ ट्रायपॉडही लावू नका. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभी भेग असेल आणि तिच्यात बोट जात असेल, तर ते घर बाहेरूनच. पिंपळ किंवा वड भिंतीत रुजला असेल तरी तेच.

आता लाकूड. वाळवी बाहेरचं साल तसंच ठेवते आणि आतलं खाते, म्हणून तुळई दिसायला ठणठणीत वाटते. पेचकसाने टोचून बघा, मऊ लागलं की मागे फिरा. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे माझा नियम साधा आहे: ज्या घराला पाच-सात वर्षं कोणी हात लावलेला नाही, त्याच्या माळ्यावर चढायचं नाही. माळ्याखालीही जास्त वेळ उभं राहायचं नाही. माळ्यावरून फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

पावसात आणि पाऊस संपल्यावर लगेच जाऊ नका. भिजलेली भिंत जड होते आणि तिची माती मऊ असते. दसरा-दिवाळीत घर हिरवंगार, देखणं दिसतं, पण भिंती वाळलेल्या नसतात. जानेवारी ते मार्च हा काळ चांगला, गवतही बसलेलं असतं.

आणखी एक, विहिरीचं. बंद घराच्या मागच्या बावीचा काठ ढासळलेला असतो आणि वर रान माजलेलं असतं. कॅमेऱ्यातून बघत मागे सरकायची सवय अशा परसात जिवावर बेतते. संडासाच्या टाकीची झाकणंही तशीच. घर बंद म्हणून वीज बंद असं धरून चालू नका. कित्येक बंद घरांचे मीटर चालू असतात. लोंबणारी वायर, ओली भिंत, जुना स्विच, कशालाच हात लावायचा नाही.

रानवाट:
वरच्या प्रतिसादात भर. आपल्याकडे चिऱ्याच्या ढिगाऱ्यात फुरसं हमखास असतं. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दिसतच नाही. अंगाची वेटोळी घासून करकर आवाज काढतं, तो ऐकू आला की जागच्या जागी थांबा. कोनाड्यात, चुलीत, उंबऱ्याच्या फटीत हात घालू नका. घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड पँट, हातात काठी. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. हातपाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे, हे निघायच्या आधीच विचारून ठेवा. वटवाघळं असतील तर त्यांच्या शेणाची धूळ फुफ्फुसांना वाईट, एन-९५ मास्क लावा.

गिरणगावकर:
मी लालबागला वाढलो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे एकेक गिरणीची शिट्टी थांबली. बंद गिरण्यांचे फोटो काढायची ओढ मला समजते, माझे वडील त्यातल्याच एका खात्यात होते. पण तिथे मालक शोधणं सोपं असतं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, महापालिका, खाजगी विकासक, कोणीतरी एक असतंच. लेखी अर्ज करायचा, उत्तराची वाट बघायची. मला दोन अर्जांना नकार आला, एकाला उत्तरच आलं नाही. मी गेलो नाही.

शहरातल्यांसाठी: इमारतीवर पालिकेचा सी-१ असा फलक असेल तर ती अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याच्या वर्गातली. तिथे मालकाने हो म्हटलं तरी आत जाऊ नये.

आणि हे लिहिताना जड जातं, पण लिहायलाच हवं. ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात कामासाठी फोटो काढायला गेलेल्या तरुण छायापत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. सोबत सहकारी होता, तरीही. दोष फक्त गुन्हेगारांचा, यात शंका नको. पण ओसाड जागेत कोण असेल हे आपल्याला माहीत नसतं. तीन-चार जण मिळून जा, भर दिवसा जा आणि बाहेर एक माणूस ठेवा, ज्याला तुम्ही किती वाजता बाहेर येणार हे माहीत आहे.

माजघर (धागा माझाच):
सगळ्यांचे मनापासून आभार. चिरेबंदी दादा, तुमचा प्रतिसाद छापून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवते आहे. एक विचारायचं राहिलं. एका घराचे पाच हिस्सेदार आहेत. तिघांनी हो म्हटलं, एकाचा पत्ता नाही, एकाने नाही म्हटलं. अशा वेळी काय करावं?

सातबारा:
कायद्याने वाटणी न झालेल्या घरात प्रत्येक सहहिस्सेदाराचा संपूर्ण घरावर ताब्याचा हक्क असतो. त्यामुळे एकाने बोलावलं तर तुम्ही चोर ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये बेकायदा प्रवेशाचा गुन्हा आहे, त्यात हेतू बघितला जातो. पण तुम्हाला तक्रारीत जिंकायचं नाही, वाडीत पुढची वीस वर्षं तोंड दाखवायचं आहे. ज्याने नाही म्हटलं त्याचं नाही धरा. दावा चालू असेल तर सगळ्यांनी हो म्हटलं तरी आत जाऊ नका, तुमचे फोटो उद्या पुरावा म्हणून ओढले जातील.

आणि परवानगी व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. चार ओळी पुरतात: "अमुक घराचे आतील व बाहेरील फोटो काढण्यास माझी संमती आहे. तारीख अमुक, सोबत अमुक माणसं. कोणतीही वस्तू हलवली वा नेली जाणार नाही. फोटो मला दाखवल्याशिवाय कुठेही टाकले जाणार नाहीत. अपघात झाल्यास जबाबदारी फोटो काढणाऱ्याची." शेवटचं वाक्य हिस्सेदारांची मोठी भीती घालवतं. उद्या कोणी पडलं तर आपल्यावर येईल, याच भीतीने निम्मे लोक नाही म्हणतात.

मांडवी:
गोव्यातून लिहितो. इथे आणखी एक पदर आहे. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा कायदा चालतो, त्यात साधारणपणे नवरा-बायको दोघांची मालकी समाईक असते. म्हणून भावांनी हो म्हटलं की झालं असं नाही, वहिनींनाही विचारावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका घराचे वारस म्हापसा, मुंबई आणि लिस्बनला. तिघांना एकच ईमेल पाठवली, उत्तरं यायला चार महिने लागले. पण आली.

काजवा:
फोटो टाकताना ठिकाण देऊ नका. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसते, ती आधी काढा. जुने कोरीव दरवाजे, सागवानी खांब, पितळेची भांडी यांच्या मागावर असलेली माणसं असे फोटो बघत असतात. गावाचं नाव पुरतं, वाडीचं नको. देव्हारा, भिंतीवरचे माणसांचे फोटो, कपाटातली पत्रं, हे घरच्यांनी वेगळं हो म्हटल्याशिवाय काढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

माजघरात फ्लॅश मारू नका, सगळं सपाट दिसतं. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ठेवून दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवा. छपरातल्या काचेच्या कौलातून पडणारा उजेड सकाळी दहा-अकराला सुंदर असतो. फोकससाठी टॉर्च क्षणभर लावायचा.

माजघर:
गणपती करून परत आले, म्हणून कळवते. चाकरमानी आले होते, त्यामुळे एरवी वर्षभर लागले असते ते पाच दिवसांत झालं. सात घरांच्या लोकांशी प्रत्यक्ष बोलले. पाच घरांची लेखी संमती मिळाली. एका आजींनी अट घातली की फोटो काढताना त्या स्वतः घरात असणार, कारण कुठल्या खोलीत काय होतं ते मला सांगायचं आहे. त्या जानेवारीत येणार आहेत, मी रजा टाकली आहे. पाचही घरांभोवती फेरी मारली. एकाच्या मागच्या भिंतीला पोट आलं आहे, ते बाहेरूनच करणार. त्या घरच्यांनाही भिंत दाखवली, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांचा फोन आला होता त्या हिस्सेदारांना भेटून माफी मागितली. ते नाहीच म्हणाले, दावा संपेपर्यंत आत नको. ठीक आहे. त्या घराचे आतले फोटो मी सगळीकडून काढून टाकले आणि काकींना तसं सांगून आले.

आता एकच घर अडलं आहे. वाडीच्या टोकाचं, सगळ्यात जुनं. सातबाऱ्यावर फक्त पणजोबांचं नाव, घरपट्टी थकलेली, गावात कोणाकडे नंबर नाही.

रानवाट:
गावच्या ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा असेल ना? देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी घरटी काढतात, त्या वहीत प्रत्येक घराचा मुंबईतला पत्ता असतो, कधी तर चाळीचा जुना पत्तासुद्धा. तिथे नाही मिळालं तर जत्रेला जा आणि मानकऱ्यांना विचारा. त्या घराची ओटी देवीला कोण भरतं, ते त्यांना नक्की ठाऊक असेल.

माजघर:
वर्गणीची वही! हे सुचलंच नव्हतं. खजिनदार मामांच्या चुलत्यांपैकीच आहेत. उद्याच फोन करते.