प्रिन्स ऑफ पर्शिया या व्हिडिओ गेम सिरीजचा खरा फॅन कुणाला म्हणायचं? जुने गेम खेळलेच पाहिजेत का?

दांडियाबाजारकर
रविवारी सयाजीगंजमध्ये सेवउसळ खाताना आमच्यात यावरून जोरदार वाजलं. मित्राचा धाकटा भाऊ, कॉलेजात आहे, त्याने या सिरीजमधला २०२४ चा लॉस्ट क्राउन पूर्ण केलाय आणि त्याबद्दल भरभरून सांगत होता, तेवढ्यात आमच्यातला एकजण म्हणाला की तू सँड्स ऑफ टाइम नाही खेळलास, वॉरियर विदिन नाही खेळलास, हे जुने भागच नाही खेळलास, मग तू कसला फॅन. पोरगं गप्पच झालं. मला हे अजिबात पटलं नाही.

माझं मत असं की किती गेम खेळलास यावर काही ठरत नाही, या सिरीजचा जीव कशात आहे ते तुझ्या बोटांना कळलंय का यावर ठरतं. लॉस्ट क्राउन बाजूने दिसतो, अगदी १९८९ च्या मूळ गेमसारखा. उडी कुठून मारायची, कडा हाताला लागेल की नाही, खाली काटे आहेत का, सगळा खेळ त्या अंदाजाचा आहे. त्या पोराला तो अंदाज आहे, एकेका खोलीबद्दल तो दहा मिनिटं बोलू शकतो. ज्याने २००४ चा वॉरियर विदिन नुसत्या मारामारीसाठी खेळला त्याच्यापेक्षा हा मुळाच्या जास्त जवळ आहे.

रावपुरा_८९
नाही पटलं. मुळाच्या जवळ आहे म्हणतोस मग मूळच खेळ ना, काय वांधा आहे? जुन्या डॉसवाल्या कॉम्प्युटरवर आम्ही शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत काट्यांतून जायचो, धावलास की मेलास. सगळे मिळून ६० मिनिटं, मेलास तरी घड्याळ चालूच. आणि चौथ्या लेव्हलचा तो आरसा! पळत येऊन त्याच्यातून उडी मारायची, तेव्हा तुझीच सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि तुझी ताकद एकदम तळाला जाते. पुढे तीच सावली तुझ्यासमोरची बाटली पिऊन टाकते, तुझ्या तोंडावर दार लावते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर येते, तू तिला वार केलास की तुझंच रक्त जातं. काय करायचं कुणी सांगत नाही. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात शिरायचं. हे ज्याला स्वतःला सुचलं त्याला मी फॅन म्हणेन. बाकीच्यांना गेम आवडतो, चांगलं आहे, पण फॅन वेगळा.

खंजीर_२००३
रावपुरा, आरशाबद्दल मान्य, पण मग आमच्या पिढीने कुठे जायचं? घरी कॉम्प्युटर आला तेव्हा सँड्स ऑफ टाइम होता आणि आमच्यासाठी प्रिन्स म्हणजे तोच. तरी मी तुझ्याच बाजूने आहे, कारण क्रम महत्त्वाचा आहे. वॉरियर विदिनमध्ये आयुष्य वाढवणाऱ्या नऊच्या नऊ जागा शोधल्यास तरच पाण्याची तलवार मिळते, आणि ती असेल तरच शेवटी काळाची सम्राज्ञी कायलीना हिच्याशी न लढता, प्रिन्सच्या मागे लागलेल्या दहाका राक्षसाशी लढता येतं आणि कायलीना वाचते. २००५ चा टू थ्रोन्स नेमका त्याच शेवटावरून सुरू होतो. ज्याला हे माहीत नाही तो टू थ्रोन्स खेळताना विचारत बसतो की ही बाई बोटीत कशी काय.

दांडियाबाजारकर
@खंजीर, अरे पण त्या तीन गेमांची गोष्टच सलग आहे म्हणून क्रम लागतो. लॉस्ट क्राउनमध्ये हिरो सार्गोन आहे, प्रिन्सला तर पळवून नेलंय आणि हा त्याला सोडवायला जातो. तिथे आधीचं काय लागणार? आणि वॉरियर विदिन न आवडणारा फॅन नाही असं म्हणायचं असेल तर जॉर्डन मेकनरलाच आधी बाहेर काढा, ज्याने एकट्याने मूळ गेम बनवला, धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग करून चित्रं काढली. वॉरियर विदिनची ती काळीकुट्ट मांडणी आणि हिंसा त्याला आवडली नव्हती, हे त्याने स्वतः सांगितलंय.

अलकापुरीची_फराह
मला एक सांगा, मी यात कुठे बसते? दादा खेळायचा, मी शेजारी बसून बघायचे, कोडी मी सोडवायचे, कंट्रोलर त्याच्या हातात. सँड्स ऑफ टाइममध्ये मेल्यावर प्रिन्स म्हणतो की नाही नाही, असं नव्हतं झालं, पुन्हा सांगतो, आणि शेवटी कळतं की तो हे सगळं गेममधल्या राजकुमारी फराहलाच सांगत होता आणि तिला त्यातलं काहीच आठवत नाही, तेव्हा मी ढसाढसा रडलेय. दादा तेव्हा मोबाईल बघत होता. आता फॅन कोण, तो की मी?

रावपुरा_८९
@अलकापुरी, कोडी तू सोडवलीस म्हणजे तू खेळलीसच, तो वाद नाही. माझा राग यूट्यूबवर दोन तासांत सगळं बघून मग आम्हाला शिकवणाऱ्यांवर आहे. उडी चुकून पडण्याची भीती बघून नाही कळत. २००८ च्या गेममध्ये प्रिन्सची साथीदार एलिका दर वेळी हात देऊन वर ओढते, मरणच नाही, म्हणूनच तो मला कधी जवळचा वाटला नाही.

अलकापुरीची_फराह
आणि मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो! एकजण पडला की दुसऱ्याने धरायचं, यात कमीपणा कसला?

मांडवी_गेट
एक विषय कुणीच काढला नाही. सप्टेंबर २०२० ला सँड्स ऑफ टाइमचा रिमेक जाहीर झाला, पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओत बनत होता. आपल्या भागातली पोरं प्रिन्स बनवताहेत म्हणून माझी छाती फुगली होती. ट्रेलर आला आणि जुन्या फॅन म्हणवणाऱ्यांनी चेहऱ्यांवरून, ग्राफिक्सवरून इतकं वाईट लिहिलं की विचारू नका. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. टीका करायलाच हवी, चेहरे खरंच कच्चे होते, पण काम करणाऱ्यांची लायकी काढणं, ती कुठली आहेत त्यावरून बोलणं, हे ज्यांनी केलं त्यांनी चौदा वेळा गेम संपवले असतील तरी मी त्यांना फॅन मानत नाही.

खंजीर_२००३
मांडवी, लायकी काढणारे वेगळे, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण ट्रेलर वाईट आहे हे मीही लिहिलं होतं आणि परत लिहीन. मला तो गेम इतका प्रिय आहे की पुण्यात बनतोय एवढ्यावरून मी त्याला सूट देणार नाही. त्या खंजिराने वेळ मागे जाते तेव्हा पडद्यावर जे होतं ते नीट आलं नाही तर रिमेक कशाला करायचा?

दांडियाबाजारकर
हे बरोबर बोललास, आणि असं तळमळीने बोलायला तो गेम तू कोणत्या वर्षी घेतलास हे मला विचारावंसं पण नाही वाटलं. त्या पोराला मी सँड्स ऑफ टाइम देतोय, पण परीक्षा म्हणून नाही. फराहचा शेवट त्याला आधी कुणी सांगू नका, बास.