ड्यूनची यादी : सहा पुस्तकं की आठ?

बर्डीवाला

आपल्या धरमपेठच्या रविवारच्या वाचनकट्ट्याची पावसाळी यादी ठरवायची आहे. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही विज्ञानकथांची मालिका घ्यायची, यावर दुमत नाही. वाद एवढाच की वर्गणीतून सहा पुस्तकं आणायची की आठ. माझं मत सरळ आहे, सहाच. सातवं-आठवं ज्याला हवं त्यानं आपल्या खिशातून आणावं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. हर्बर्टनी स्वतः लिहिलेले भाग सहा : १९६५, १९६९, १९७६, १९८१, १९८४ आणि १९८५. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते गेले, आणि सहावा भाग 'चॅप्टरहाउस' अधांतरी राहिला. पुढे मुलगा ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन अँडरसन या जोडीनं १९९९ ते २००१ मध्ये पूर्वकथेची 'हाउस' त्रयी काढली, २००२ ते २००४ मध्ये यंत्रांविरुद्धच्या जिहादची त्रयी काढली, आणि मग २००६ आणि २००७ मध्ये 'हंटर्स' आणि 'सँडवर्म्स' हे दोन भाग 'मूळ शेवट' म्हणून आणले. आधार काय, तर बँकेच्या लॉकरात सापडलेला वडिलांचा सुमारे ३० पानांचा आराखडा.

आता गंमत बघा. 'चॅप्टरहाउस'च्या शेवटच्या प्रकरणात डॅनियल आणि मार्टी नावाचं एक साधंसुधं म्हातारं जोडपं येतं. जहाज आपल्या जाळ्यातून निसटलं म्हणून ती दोघं आपसात कुरकुरत असतात. त्या दोन-तीन पानांत हर्बर्टनी स्पष्ट लिहून ठेवलंय की ही दोघं फेस डान्सर आहेत. रूप बदलणारी ही जात माणसांच्या आठवणी आणि व्यक्तिमत्त्वं शोषत शोषत आपल्या मालकांपासूनच स्वतंत्र झालेली. नोकराला इतकं शिकवलं की तो नोकर उरला नाही, हा त्या शेवटाचा खरा धक्का आहे. आणि पुढच्या भागांत ती दोघं कोण निघतात? ऑम्नियस आणि इरॅस्मस, म्हणजे एक महासंगणक आणि एक यंत्रमानव. हर्बर्टच्या सहा पुस्तकांत या दोघांचं नावसुद्धा नाही. ते जन्मले २००२ च्या पूर्वकथेत. म्हणजे सातवं-आठवं समजायला मधली त्रयीही वाचावी लागते. आठ म्हणता म्हणता अकरा पुस्तकं होतात, वर्गणी गोळा करणाऱ्यानं याचाही हिशेब ठेवावा.

नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा शेवटी बजावून ठेवलं होतं : 'ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥' नरोटी म्हणजे करवंटी. मला याहून वेगळं काही म्हणायचं नाही.

तर्री_पोहा

दमानं घ्या भाऊ. नाथांची ओवी आणलीत तर पूर्ण लावा. त्यांचा राग मूळ पाठात आपली ओवी घुसडणाऱ्यावर आहे. नरोटी *ताटात* ठेवली, हा दोष. शेजारी वेगळं ताट मांडलं तर नाथ काही म्हणत नाहीत.

आणि ज्या शब्दानं आपण हा सगळा प्रकार ओळखतो, तो 'कादंबरी' शब्द कुठून आला? बाणभट्टाच्या ग्रंथातून. तो ग्रंथ अर्धा टाकून बाण गेला, आणि उत्तरार्ध कोणी लिहिला? मुलानं, भूषणभट्टानं. सुरुवातीलाच तो सांगतो की वडिलांबरोबर कथाही थांबली, सज्जनांना त्या अपुरेपणाचं दुःख झालेलं पाहिलं म्हणून हाती घेतली, कवित्वाच्या गर्वानं नाही. पोरानं बापाचं काम पुरं करणं हा आपल्याकडे गुन्हा कधीपासून झाला?

दुसरं म्हणजे नवे भाग आले म्हणून कपाटातली जुनी सहा पुस्तकं बदलत नाहीत. डॅनियल-मार्टी तुमच्या प्रतीत अजूनही फेस डान्सरच आहेत.

बडकस_चौक

काऊन एवढं चिडून राहिले राजेहो? नाही आवडत तर नका वाचू ना.

धंतोलीची वाचक

'नका वाचू' एवढ्यानं हे मिटत नाही, कारण नवा वाचक दारातच फसतो. मुखपृष्ठावर 'ड्यून' हा शब्द सगळ्यात मोठा, लेखकांची नावं त्याखाली. २०२१ आणि २०२४ चे सिनेमे पाहून कोणी बर्डीवर पुस्तक घ्यायला गेलं आणि कथेच्या काळानुसार 'पहिलं' मागितलं, तर हातात यंत्रांच्या जिहादचा भाग पडतो. तिथून सुरू करणारा मूळ पुस्तकापर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

पण बर्डीवाल्यांचा रोख मला थोडा चुकीचा वाटतो. अडचण कथानकापेक्षा वाक्यांत जास्त आहे. पहिल्या पुस्तकातलं अराकीनच्या जेवणावळीचं प्रकरण काढा. टेबलाभोवती नायक पॉल, त्याचे आईवडील जेसिका आणि ड्यूक, पाणी विकणारा व्यापारी, बँकेचा माणूस. एकाच प्रसंगात हर्बर्ट एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात शिरतो. बोललेलं एक, मनातलं तिरप्या अक्षरात दुसरं, आणि वाचकाला तिसरंच कळतं. लेखनाच्या शिकवणीत हे 'करू नका' म्हणून शिकवतात. तो करतो, आणि तणाव त्यातूनच येतो. ब्रायन-अँडरसनच्या भागांत एका प्रकरणात एक पात्र, प्रकरण आखूड, शेवटी एक गाठ, आणि दोन प्रकरणांनी ते पात्र परत आलं की मागचं काय झालं याची उजळणी. पात्रं विचार लपवत नाहीत, सांगून टाकतात. ३० पानांचा आराखडा घटना देऊ शकतो, ही सवय नाही देऊ शकत.

आणि लिहिणारा नवखा किंवा कमी शिकलेला होता म्हणून बिघडलं, असंही नाही. विज्ञानकथाकार आसिमॉव्ह १९९२ मध्ये गेले. वारसांच्या परवानगीनं त्यांच्या 'फाउंडेशन' मालिकेची तीन पुस्तकं आली : ग्रेगरी बेनफर्ड १९९७, ग्रेग बेअर १९९८, डेव्हिड ब्रिन १९९९. बेनफर्ड भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ब्रिनही त्याच शास्त्रातले डॉक्टरेट. तरी बेनफर्डच्या भागात ट्रँटर ग्रहावर व्हॉल्तेअर आणि जोन ऑफ आर्क यांच्या संगणकी प्रतिकृती वाद घालत बसतात, आणि आसिमॉव्हच्या हायपरस्पेस उड्यांच्या जागी अंतराळात बोगदे येतात. विज्ञान उत्तम. पण आसिमॉव्हची गोष्ट दोन माणसं खोलीत बसून बोलतात तिथे घडते, हे मात्र हरवलं.

तर्री_पोहा

ताई, आसिमॉव्हचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. 'फाउंडेशन'चा तिसरा भाग १९५३, चौथा १९८२. मधल्या २९ वर्षांनी, प्रकाशकाच्या आग्रहानं, त्यांनी स्वतःच मालिका पुढे नेली आणि आपल्या यंत्रमानवांच्या गोष्टी तिला जोडल्या. मानसेतिहास या समाजाचं भविष्य सांगणाऱ्या गणितावर चाललेल्या कथेत मागून सूत्र हलवणारा यंत्रमानव निघाला! हेच दुसऱ्यानं केलं असतं तर तुम्ही नरोटी म्हटलं असतं. जिवंत लेखकानं केलं की उत्क्रांती?

बर्डीवाला

हो. त्याचं ताट आहे, त्यानं काहीही वाढावं. आणि ते जोडकामही मला फारसं पटलेलं नाही, पण तिथे कोणाच्या नावावर काय खपवलं हा प्रश्न येत नाही.

वेगळ्या ताटाचा मुद्दा मान्य. मग ताट वेगळं ठेवा ना! पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर, राजकन्या इरुलानच्या उताऱ्यात, पॉलचा जन्म कॅलडन ग्रहावर झाला असं आहे. ती तर बजावते की जन्म तिथला असला तरी त्याची खरी जागा अराकिस, म्हणजे ड्यून ग्रह. २००१ च्या 'हाउस कॉरिनो'मध्ये तो सम्राटाच्या राजधानीत, कायटनवर जन्मतो. वाचकांनी बोट ठेवल्यावर २००८ च्या पुस्तकात खुलासा आला की इरुलानचं लिखाण प्रचारकी, त्यात चुका आहेत. म्हणजे आपली चूक सावरायला मूळ पुस्तकाच्या पहिल्याच उताऱ्याला खोटं पाडलं. याला शेजारचं ताट म्हणत नाहीत भाऊ.

भूषणभट्टाबद्दल एवढंच की त्यानं पूर्वार्धात हात घातला नाही.

कलम५७

कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क चालतो, मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. म्हणजे भारतात हर्बर्ट २०४६ अखेरपर्यंत, आसिमॉव्ह २०५२ अखेरपर्यंत, आणि २०२५ च्या मे महिन्यात गेलेले जयंत नारळीकर २०८५ अखेरपर्यंत. तोवर त्याच पात्रांवर पुढचा भाग छापून विकायचा तर वारसांची परवानगी घेण्यातच शहाणपण.

आता गंमत कलम ५७ ची. कृतीची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाधा आली तर लेखक हक्क विकल्यानंतरही दाद मागू शकतो. मन्नू भंडारींच्या कादंबरीवरच्या सिनेमाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयानं हे ठासून सांगितलं. लेखकानंतर हा हक्क त्याच्या कायदेशीर वारसांकडे जातो. पण पुढचा भाग लिहवून घेणारेच वारस असतील तर? कुंपणानंच शेत खाल्लं तर तक्रार कोणाकडे करणार? वाचकाला या कलमात जागा नाही.

म्हणून मालिका लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी हयातीतच तीन गोष्टी कराव्यात. एक, मृत्युपत्रात लिहावं की नवे भाग चालतील की नाही, आणि चालतील तर कोण ठरवेल. शक्यतो ज्याला मानधनाचा वाटा मिळत नाही असा माणूस नेमावा. दोन, प्रकाशकाच्या करारात मुदत आणि प्रदेश लिहून घ्यावेत. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. 'सर्व प्रकारचे, सर्व काळासाठी' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावं. तीन, अर्धवट टिपणांचं काय करायचं ते सांगावं. टेरी प्रॅचेट यांच्या इच्छेनुसार त्यांची हार्ड डिस्क २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडली. ते विज्ञानकथेपेक्षा कल्पनारम्य लिहीत, पण उपाय कोणत्याही प्रकाराला लागू आहे.

बडकस_चौक

रोडरोलर! हे बेस्ट. आपल्याकडे मिळेल, रस्त्याचं काम कायमच सुरू असते.

जुना अंक

रोडरोलर नको, कारण टिपणं राहिली तर पुढे चूक दुरुस्त करता येते. ज्यूल व्हर्न घ्या, भा. रा. भागवतांमुळे मराठीत घरचाच झालेला. तो १९०५ मध्ये गेला. त्यानंतर निघालेल्या अनेक कादंबऱ्यांत मुलगा मिशेलनं भरपूर फेरफार केले, 'गोल्डन व्होल्केनो'तही, आणि सगळं वडिलांच्या एकट्याच्या नावावर गेलं. मूळ हस्तलिखितं शिल्लक होती म्हणून १९८० च्या दशकात खऱ्या आवृत्त्या निघू शकल्या. हस्तलिखितं जाळली असती तर मिशेलचा व्हर्न हाच आज व्हर्न असता.

म्हणून माझी मागणी बर्डीवाल्यांपेक्षा साधी आहे. पुढचा भाग लिहा, पण आराखडाही छापा. २००५ च्या 'रोड टू ड्यून'मध्ये पत्रं आली, गाळलेली प्रकरणं आली. ज्या ३० पानांवर दोन जाडजूड पुस्तकं उभी केली ती आली नाहीत. ऑम्नियस त्या पानांत आहे की नाही, एवढं दिसलं तर निम्मा वाद संपेल.

आणि याच व्हर्ननं १८९७ मध्ये काय केलं? एडगर ॲलन पोची १८३८ ची अर्धवट वाटणारी दक्षिण ध्रुवाची गोष्ट पुढे नेली. पो जाऊन ४८ वर्षं झाली होती. त्यानं पोचा आवाज काढला नाही, आपल्या पद्धतीनं, अक्षांश-रेखांश मोजत लिहिली, आणि मुखपृष्ठावर नाव आपलं टाकलं.

धंतोलीची वाचक

तसंच चांगलं उदाहरण वेल्सचं. 'टाइम मशीन' १८९५. शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये, स्टीफन बॅक्स्टरचं 'टाइम शिप्स' आलं, वारसांच्या परवानगीनं. मूळ कथेतला कालप्रवासी तिथल्याच वीनाला वाचवायला परत भविष्यात निघतो, पण त्यानं पहिल्या प्रवासाची हकिकत सांगितली म्हणूनच भविष्य बदललेलं असतं. पोचतो तर मूळ कथेतले भविष्यातले रानटी मॉरलॉक सुसंस्कृत झालेले, सूर्याभोवती कवच बांधून राहणारे. मूळ पुस्तकातली एकही ओळ खोटी पडत नाही, कारण बदलाचं कारण मूळ पुस्तकच आहे. आणि सोबतच्या मॉरलॉकचं नाव नेबोगिफेल, हे वेल्सच्याच त्याआधीच्या एका कालप्रवासाच्या कथेतून उचललेलं. ज्यानं घर आतून पाहिलंय तोच असा दरवाजा शोधू शकतो.

विकत घेण्याआधी मी म्हणेन हे तपासा : आतल्या पानावर कॉपीराइट कोणाच्या नावे आहे, प्रस्तावनेत 'टिपणांवर आधारित' म्हटलंय तर टिपणं किती पानांची हे सांगितलंय का, आणि मधलं कुठलंही प्रकरण उघडून मागची उजळणी किती ओळींची आहे ते मोजा. पाचाहून जास्त ओळी निघाल्या तर ठेवून द्या.

तर्री_पोहा

उजळणीची परीक्षा लावली तर निम्म्या मराठी मालिकाही ठेवून द्याव्या लागतील, ताई. पण ठीक. माझा प्रस्ताव : हर्बर्टची सहा वर्गणीतून, सातवं 'टाइम शिप्स'. 'हंटर्स' आणि 'सँडवर्म्स' मी माझ्याकडून आणतो, ज्याला हवं त्यानं न्यावं. शेवट काय झाला हे कळायचा हक्क वाचकाला आहेच, भले तो शेवट तुमच्या मते बनावट असो.

बर्डीवाला

'टाइम शिप्स' मंजूर, पण त्याच्या आधीच्या रविवारी मूळ 'टाइम मशीन'. वेल्स १९४६ मध्ये गेले, आपल्याकडे ते २००६ अखेरीस कॉपीराइटमधून मोकळे झाले, त्यामुळे वर्गणीतला एक रुपयाही लागणार नाही.

तुमची दोन पुस्तकं आणा. फक्त त्यांवर कट्ट्याचा शिक्का नको आणि क्रमांक सात-आठ नको. वेगळ्या कप्प्यात ठेवा.

तर्री_पोहा

वेगळ्या ताटात म्हणा ना!