शेपटीत हाडच नसतं की

वर एकानं लिवलंय की बेडूकमाशाच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या) शेपटीतली हाडं विरघळून त्याचेच पाय होतात. भावा, बहुतेक जातींत शेपटीत हाडच नसतं, आत नुसता नोटोकॉर्डचा लवचिक दांडा आणि बाजूनं स्नायू. थायरॉइडचं हार्मोन वाढलं की शेपटी जागच्या जागी जिरते, पाय मात्र वेगळ्या अंकुरातनं आधीच वाढायला लागलेले असतात. मागचे दिसतात, पुढचे कल्ल्यांजवळच्या कातडीखाली दडून वाढतात आणि एकदम बाहेर येतात. कळंब्याकडं पावसाळ्यातल्या डबक्यात बघा, एक हात बाहेर, एक अजून आत असलं पिल्लू नशीब असंल तर घावतंय.

सांगाडा पहिला बराचसा कूर्चेचा (आपल्या कानात असतं तसल्या लवचिक मऊ हाडाचा), हाड मागनं धरतं. खरा विषय कंबरेत हाय! शेपटी जिथं धडाला लागते तिथले मणके जुळून एकच लांब काडी होते, युरोस्टाइल, आणि कमरेची हाडं लांब होऊन तिच्या दोन्ही बाजूनं पुढं सरकतात, बसलेल्या बेडकाच्या पाठीला कुबड दिसतं ते हितलंच. पिंढरीची दोन हाडं जुळून एक, हाताची पण तसंच.

तोंडाचं तर विचारूच नका, शेवाळ खरवडायची केराटिनची (नखं ज्याची असतात त्याची) चोच गळते, जबडा लांबतो, तोवर खाणं जवळजवळ बंद, शेपटीवरच भागवायचं. बरणीत पाळणाऱ्यांनी पाण्याबाहेर येणारा एक दगड ठेवा, नाहीतर फुफ्फुसावर आलेली पिल्लं बुडून मरतात.